शेळीची नोंद

शिंगेत्तीत ग्रंथालयाच्या पायऱ्या चढायच्या नसतात,
उतरायच्या असतात.
पणजीच्या वेळी उंबरा गल्लीच्या बरोबरीला होता म्हणे.
मग वाळू आली. मग अजून आली.
आता सात पायऱ्या खाली, आणि आठवी
मी रोज सकाळी सुपलीनं उकरून काढते.
संध्याकाळी ती पुन्हा नसते.

कुलूप लाकडी, किल्लीही लाकडी,
हातभर लांब, टोकाला खुंट्यांचे दात.
पाहुणे विचारतात, हा टूथब्रश कुणाचा?
बाबा हसतात,
दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.

आत बाभळीच्या फळ्यांवर काळोख बसलेला.
हरणाच्या कातड्यातली व्याकरणं, वारसाहक्क,
उंटांचे आजार, तारे.
शाई डिंकाची आणि काजळीची.
एका समासात कुणा नक्कलकारानं लिहून ठेवलंय:
बोटं गारठलीत, दिव्यातलं तेल संपत आलंय,
ओळ वाकडी गेली तर शिव्या देऊ नका.
इतकी वर्षं कुणी दिली नाही.
मी एकदा दिली, हळूच,
कारण पुढची अख्खी ओळ त्यानं गाळली होती.

मी नऊ वर्षांची असताना
दार ओढून घ्यायला विसरले.
आमची करडी शेळी पायऱ्या उतरली
आणि ग्रहणाच्या प्रकरणातली दोन पानं
डोळे मिटून, चावून चावून, सावकाश खाल्ली.
घाई नाही, गडबड नाही.
इतक्या मन लावून
त्या खोलीत कुणाला वाचताना मी पाहिलं नव्हतं.

यस्लेमनं सुरी आणली.
बाबा म्हणाले, थांब.
ग्रंथाचा काही भाग आता तिच्यात आहे.

त्या ईदला बकरं उधारीवर आलं.
पुढच्या ईदलाही.
गल्ली हसली, आई दोन महिने बोलली नाही.
शेळी अकरा वर्षं जगली.
दात पडल्यावर बाबा तिला खजूर भिजवून भरवायचे
आणि ग्रहण लागलं की
अंगणात तिच्या शेजारी जाऊन बसायचे,
काही विचारायचं असल्यासारखे.

गेली, तेव्हा खजुरीच्या बागेपलीकडे पुरली.
मग बाबांनी गहाळ पानांची वही काढली.
वाळवी. ओल. वाळवी.
एक मेहुणा, नेलं, आणलं नाही.
त्याखाली, सुंदर अक्षरात:
पानं एकेचाळीस, बेचाळीस. शेळी.

गेल्या हिवाळ्यात ट्यूनिसहून
मुफीदाबाईंचं पाकीट आलं.
त्यांच्याकडे त्याच ग्रंथाची दुसरी नक्कल निघाली.
तिथं संगमरवरी खांब आहेत, त्या लिहितात,
छताला सोनेरी वेलबुट्टी,
वाचणाऱ्याला हातमोजे देतात,
आणि खोकला आला तर लोक वळून बघतात.
सोबत त्या दोन पानांचे फोटो.

बाबा भिंग घेऊन दोन दिवस बसले.
बरोबर आहे, म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं:
इथं "चंद्र झाकला जातो" असं आहे.
आपल्यात "चंद्र आत घेतला जातो" असं होतं.
तुम्हाला आठवतं?
ते बागेच्या दिशेनं बघत राहिले.

फोटो मी ग्रंथात जागच्या जागी ठेवले.
वही उघडून विचारलं, नोंद खोडू का आता?
माझ्या हातातला बोरू त्यांनी काढून घेतला.
राहू दे, म्हणाले.
आपली पानं कुठं मिळालीत?

यस्लेम नुआदिबूहून फोन करतो,
मासळीच्या कारखान्याचा भोंगा मागं वाजत असतो.
विकून टाका सगळं, म्हणतो,
गाव बुडतंय.
मी म्हणते, हो, बघू.
किल्ली आता माझ्या कमरेला असते,
चालताना मांडीवर टकटक करते.

काल रात्रभर वारा होता.
सकाळी आठवी पायरी नव्हती, सातवीही नव्हती.
सुपली घेऊन मी
कुठून सुरू करावं ते बघत उभी राहिले.
भिंतीपलीकडे कुणाची तरी शेळी ओरडली.

मी आधी दार लावून घेतलं.